आठ केबी

रोडेलने पट्टीएवढं यंत्र हातात ठेवलं तेव्हा
सोहारच्या कॅम्पात रात्रीचे अकरा,
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय
आणि वरच्या बंकवरचा नेपाळी झोपेत
कुणाला तरी हिशेब समजावतोय.
'पंधरा रियाल. तुझ्या लहानपणीचं सगळं आहे यात,'
रोडेल त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला.

सगळं नव्हतं.
कॅसेटच्या तोंडात मारायची फुंकर नव्हती,
चॅनेल जुळवताना काचेवर वळवळणाऱ्या मुंग्या नव्हत्या.
पण तो होता,
निळ्या चड्डीतला चौकोनी माणूस,
बोटाच्या पेरावर मावेल एवढा,
डावीकडून उजवीकडे निघालेला,
मागे वळायची सोय नसलेला.

ती पेटी अब्बांनी कुवेतहून आणली होती
दोन ब्लँकेटांच्या घडीत, टॉर्चशेजारी.
अंजनवेलला आमच्या पडवीत अर्धा मोहल्ला जमला.
रिमोट दोन, त्यातल्या एकाची वायर
आठवड्यातच उंदरानं कुरतडली.
अश्फाक मोठा, चालू रिमोट त्याचा.
मला म्हणाला, रडू नको, तू मागचे ढग हलव.
मी दोन वर्षं ढग हलवले.

तिसऱ्या भुयाराशी पोचलो की लाईट जायची.
जतन करणं त्या पेटीला ठाऊकच नव्हतं.
पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून.
अम्मी म्हणायची, बरं झालं, आता जेवा.

आता तो जुबैलला, मी इथे.
त्याची सुट्टी शुक्रवारी, माझी फोरमनच्या मनात येईल तेव्हा.
मध्ये वाळू आणि एका तासाचं अंतर:
माझे अकरा, त्याचे दहा, अम्मीचे साडेबारा.
फोनवर चारच वाक्यं उरलीत.
पोचले का? पोचले. गुडघा? तसाच.

यंत्रात मात्र खेळ थांबवला
की तो क्षण फाईल होऊन राहतो.
उडीच्या मध्यात थांबवा, माणूस हवेतच लटकून.
आठ केबी. पासपोर्टच्या फोटोहून हलकी.
मी ती अश्फाकला पाठवून दिली.
(त्याआधी त्याच्या फोनवर तोच एम्युलेटर, तीच आवृत्ती;
आवृत्ती एका अंकानं चुकली की माणूस भिंतीत चिणला जातो,
हे कळायला आमच्या दोन रात्री गेल्या.)

तेव्हापासून असंच.
तो ड्युटीआधी एक भुयार उतरतो, फाईल धाडतो,
मी उघडतो तर माणूस अनोळखी छतावर उभा,
किल्ली हातात, दोन जीव कमी.
सोबत मजकूर नाही. फार तर 'डावीकडची शिडी खोटी'.
ना व्हिसा, ना कफीलची सही,
आठ केबींचा माणूस रोज सरहद्द ओलांडतो
आणि त्याच्या बुटांना वाळू लागत नाही.

मागच्या आठवड्यात तीन दिवस काही आलं नाही.
प्लांट शटडाऊन असेल, मी रोडेलला सांगितलं,
त्यानं न विचारताच.
चौथ्या रात्री फाईल आली.
उघडली. माणूस मी सोडला तिथेच,
त्याच कड्यावर, तेच तीन जीव,
एक पाऊलही पुढे नाही.
खाली अश्फाकचं, एका बोटानं टाइप केलेलं:
'वाफेनं हात भाजलाय. अम्मीला बोलू नको.
तू खेळ.
मी ढग हलवतो.'

साडेचारला बसचा हॉर्न वाजेपर्यंत खेळलो.
बूट घालतानाही एका हातानं.
या यंत्रात आवाज जरा मागून येतो,
उडी आधी, धप्प नंतर,
आणि ढग अडखळतात,
पण सरकत होते.