काटो थांबल्याबिगर

तारामुंबरीच्या मच्छीमार सोसायटीत
जुना संगणक खाऱ्या हवेनं आतून हिरवा झाला.
नवा आला, पातळ, चकचकीत,
पण त्याला नऊ टाचण्यांचं तोंडच नाही.
काटा मात्र तोच, वीस वर्षांचा,
नऊ टाचण्यांतूनच बोलणारा.
मधे दुभाषा हवा.
मी देवगड स्टँडसमोरून आणला,
हातभर निळी वायर, साडेतीनशे रुपये,
गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.

दुभाष्यालाही आधी सांगावं लागतं
ऐकायचं कसं.
ड्रायव्हरला मी पहिला निरोप धाडते:
वेग नऊ हजार सहाशे, आठ बिट,
पॅरिटी नको, शेवटी एक थांबा.
तो हो म्हणतो.
पडद्यावर नुसते चौकोन नि प्रश्नचिन्हं,
कुणीतरी पाण्याखालून बोलतंय जसं.

काट्याच्या पेटीत दोन झेरॉक्स पानं सापडली.
माशाच्या रक्ताचा डाग
नेमका वेगाच्या ओळीवर.
मग अंदाज. बाराशे. अठ्ठेचाळीसशे.
चोवीसशेला एकदम धुकं फाटलं
आणि आकडे ओळीनं उभे राहिले.

आधी आरंभाची खूण,
मग दोन अक्षरं: स्थिर की अस्थिर,
मग अधिक किंवा उणे,
सात घरं वजनाला, त्यातलं एक टिंबाचं,
रिकाम्या घरात शून्यानं बसून राहायचं.
शेवटी सगळ्यांची बेरीज, एका बाइटात मावेल एवढीच.
ती जुळली नाही
तर अख्खा निरोप खाडीत.

हे मला फार नवं नव्हतं.
मोतीराम गुरव नारळ घेऊन असेच उभे राहतात.
आधी हाक, बा देवा म्हाराजा,
मग कुणाचं, कुठल्या वाडीचं, मागणं काय,
चुकलंमाकलं पदरात घे,
आणि सगळ्यांचा मिळून व्हय म्हाराजा.
एका वर्षी जनरेटरच्या आवाजात
तो व्हय त्यांना ऐकू आला नाही.
ते थांबले.
माझ्या प्रोग्रॅममध्ये मुदत तीन सेकंदांची आहे,
ते त्याहून जास्त थांबले,
आणि हाकेपासून पुन्हा सुरू झाले.

पहाटे साडेपाचला लिलाव.
शेवंती कोयंडेनं पहिला शिंगाळा काट्यावर ठेवला.
पडद्यावर अस्थिर.
अस्थिर. अस्थिर. अस्थिर.
मी वायर हलवली, टेप लावली, खिळ्याला अडकवली.
"काय म्हणता तुजा मशीन?"
"थांब म्हणतंय."
तिनं माझ्याकडे नाही, माशाकडे बोट केलं.
गलफडं उघडत होती, मिटत होती,
शेपूट पत्र्यावर मधूनच एकदा.
कुबलांचा मुलगा मागून ओरडला,
सहा धर गे, सहा, टेम्पो निघालो.
तीस वर्षं वजनं पुकारलेली बाई
पदराला हात पुसत म्हणाली,
"काटो थांबल्याबिगर वजन बोलूचा नाय."

कुणी बोललं नाही मग.
जेटीखाली पाणी चढत होतं.

स्थिर. सहा किलो तीनशे पन्नास.
ड्रायव्हरनं आणून दिलं,
तरीवाला पाटी पैलतीरी ठेवतो तसं,
आत मासा आहे की दगड, न विचारता.

रात्री नोंदींची फाइल उघडली.
पहिल्या माशाचे एकेचाळीस अस्थिर निरोप,
एकूण एक बेरीज जुळणारी,
आणि खाली तो एक स्थिर.
सोसायटीला एकच लागतो.
बाकीचे गाळायची ओळ मीच लिहिली होती,
उद्यापासून चालू होणार होती.
ती काढली.
का, ते विचारलं तर सांगता यायचं नाही.
वायर तांदळाच्या डब्यात ठेवली,
हवा फार दमट आहे.