एका भेटीत एकच तक्रार

हडर्सफील्डच्या दवाखान्यात, काउंटरच्या काचेवर
चिकटवलेला कागद:
एका भेटीत एकच तक्रार. दहा मिनिटं.

मी म्हटलं, बरं. मग कुठली नेऊ आत?

उजवा खांदा तर आहेच.
इस्पितळाच्या धुलाईत अकरा वर्षं
मशीनमधून ओल्या चादरी ओढून आखडलेला,
दोन हिवाळे अंगावर काढलेला.
पण तो एकटा कधी आलाय कुठे?
त्याच्या मागोमाग मानेतून वर चढते अर्धशिशी,
तिच्यासाठी गोळी, गोळीमागे पित्त,
पित्तापायी रात्री तीनला टक्क उघडे डोळे,
आणि दिवसा असा शिणवटा
की जिन्यात मधेच थांबून
मी मॉरीनबाईंच्या मांजराशी
बोलत असल्याचं सोंग करते.

आत डॉक्टर ओल्डरॉयड.
कागदावर माणसाची नुसती बाह्यरेषा.
दुखतं तिथे रंगवा, म्हणाल्या.
खांदा रंगवला. मान. मग पोटापाशी
पेन घुटमळलं.
उसण, चमक, कळ, ठणका, ठसठस...
माझ्याकडे एवढे शब्द,
आणि खाली एकच चौकट: शून्य ते दहा.

सहा लिहिलं. खोडलं.
झोप कुठे रंगवायची? मी विचारलं.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं,
एका हाताने स्वतःची मान दाबली,
आणि कागद उलटा केला.
कोऱ्या बाजूवर बोट ठेवून म्हणाल्या, इथे.

भिंतीपलीकडे
पुढचा नंबर खोकला.