कुसळ

जमिनीवर उतरायच्या आदल्या संध्याकाळी
जहाजावर सगळ्यांना बॅगा घेऊन खाली बोलावलं.
खिसे उलटे करा, म्हणाले. बुटांचे तळवे दाखवा.
टोपीची शिवण, हातमोज्यांचे कोपरे, वेल्क्रोच्या पट्ट्या.
सोल्वेग नावाची एक पोरगी
चिमटा घेऊन माझ्या बॅगेशी उकिडवी बसली
आणि तिनं काढलं
एक कुसळ.

परभणीचं.
खात्रीनं सांगते, कृषी विद्यापीठामागच्या पडीक रानातलं.
तिथं मी बत्तीस वर्षं मातीचे नमुने गोळा केले,
वाळवले, चाळले, पाकिटांवर गट नंबर टाकले.
पोरीनं ते उजेडात धरलं
सोनारानं नथीतला मोती धरावा तसं,
पिशवीत घातलं, वर माझ्या खोलीचा नंबर टाकला.
इथं काही उगवता कामा नये, म्हणाली.
हसून म्हणाली, पण म्हणाली.

मला ती डोळ्यातल्या कुसळाची म्हण आठवली,
पण हे कुणाच्याच डोळ्यातलं नव्हतं.
पंधरा हजार किलोमीटर आलं होतं बिनतिकीट.
मी आले होते ग्रॅच्युइटी मोडून.

निघताना शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या होत्या,
"कामून जायलीस गं तिकडं?
बर्फ काय तुझ्या बापानं कमी दाखवला?"

खरंय.
अण्णा जिंतूर रोडच्या बर्फ कारखान्यात मिस्त्री.
मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस,
आत अमोनियाचा वास, नाकातून थेट मेंदूत,
आणि खाऱ्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले लोखंडी डबे.
अण्णा डबा उपसायचे, साध्या पाण्यात बुचकळून उलटा करायचे,
लादी सुळकन बाहेर.
कडेनं आरशासारखी, मधोमध पांढरट धूर गोठलेला.
हे काय आहे, मी विचारायची.
"हवा. बाहेर पडायची होती, जागा नाही भेटली."
मग भुशात गुंडाळून लादी रसवंतीवर जायची,
लग्नाच्या मांडवात,
एखाद्या रात्री मयताच्या घरी,
पोरगा पुण्याहून पोचेपर्यंत.

सकाळी रबरी होडीतून उतरलो.
काळे गोटे, आणि पेंग्विनांचा वास.
लोकांनी नाकं दाबली. मी छाती भरून घेतला,
अस्सल खताचा वास होता तो, खड्ड्यातल्या, दुसऱ्या महिन्यातला.
पायाशी दोन दगडांच्या मधे चिमूटभर माती,
ओलसर, करडी.
हात शिवशिवले.
पण वाकायचं नाही, टेकायचं नाही, उचलायचं नाही,
बसायचंसुद्धा नाही.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माती बघून मी उभी राहिले.
नमस्कारही उभ्यानंच केला.

परतताना होडीवाल्यानं समुद्रातून
एक ढेकूळ वर घेतलं, ताटाएवढं,
आणि कानाशी धरा म्हणाला.

तडतडत होतं.
तव्यावर मोहरी, पण फार लांबच्या घरातली.
आतली हवा सुटतेय, तो म्हणाला,
हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या बर्फातली.
इतर सगळे फोटो काढत होते.
मी कान गोठेपर्यंत ऐकत राहिले.
भेटली, अण्णा. जागा भेटली तिला.
मग त्यानं ते ढेकूळ परत पाण्यात सोडलं.

परभणीत सगळ्यांचा एकच प्रश्न, थंडी किती होती?
शून्याच्या आसपास, मी सांगते,
उन्हाळा होता तिकडं.
चेहरे पडतात. आपल्याकडं तर एका डिसेंबरात
दोनवर आलतं की, कुणीतरी म्हणतं,
आणि गप्पा तिकडं वळतात.

कौसाबाईंनी विचारलं, काय आणलंस?
काहीच नाही. खडासुद्धा आणू देत नाहीत.
"मग गेलतीस कशाला?"
उत्तर जुळवत होते, तेवढ्यात
त्यांच्या पदराच्या काठाला दिसली, तीन-चार.
वाकून वेचायला लागले,
चिमटीनं, एकेक, उजेडात धरून.
"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या,
"मला कुठं जायचंय?"