वस्तीचं क्रियापद

ख्रोनिंगेनच्या उत्तरेला, समुद्राच्या बांधाआड
मातीच्या टेकाडावर एक गाव आहे. अर्धंच.
उरलेलं अर्धं शंभर वर्षांपूर्वी
पडावांत भरून खत म्हणून विकलं:
दोन हजार वर्षांचं शेण, राख, हाडं, गाळ
कुणाच्या तरी बटाट्यांना घातलं.
चर्च तेवढं राहिलं, कडेलोटाच्या कडेवर,
खाली कापलेल्या मातीचे थर उघडे.

त्या कड्याखालच्या घरात आफ्के विर्सेमा
एक क्रियापद परत बांधते आहे.

पुठ्ठ्याची खोकी, कागदांवर चहाचे गोल डाग.
एका चिठ्ठीवर गॉथिक, एकीवर जुनी सॅक्सन,
एकीवर थरथरत्या देवनागरीत: वसति.
राहतो. रात्र काढतो.
आणि या सगळ्यांच्या मागे, कुणीच न लिहिलेलं,
कपाळावर तारका घेतलेलं
*वेसनं.

तारका म्हणजे, हे सापडलेलं नाही.
हे असल्याशिवाय बाकीच्यांचं जमत नाही, एवढंच.

शेजारचा एप्पो दुधाचा कॅन ठेवतो, चिठ्ठी उलटी धरतो.
"बोलायचं का हे कुणी, खरंच?"
"बोलायचेच. कसं, ते नाही सांगता येत.
शेवटचा अनुस्वार मी हिशेबानं लावलाय,
गाभण गाईची तारीख तू लावतोस तसा."
एप्पोला पटतं.

आधी याचा अर्थ 'असणं' नव्हताच.
वाटेत अंधारलं की गुरं थांबवायची,
जाळ करायचा, पाठ टेकायची.
वस्तीला राहायचं. उजाडलं की निघायचं.
पुढं वर्तमानातली जागा
दुसऱ्याच एका आखूड क्रियापदानं बळकावली
आणि याच्या वाटणीला आला भूतकाळ.
आता 'आहे' म्हणताना याला कुणी हाक मारत नाही.
गेल्यावर मारतात.

एकटा होता, तर वस.
पुष्कळ होते, तर वारन.
मधला 'स' गेला कुठं, हे आफ्केनं चाळीस वर्षं शिकवलं:
अनेकवचनात आघात पुढं सरकला,
'स'चा आधार सुटला, तो गुणगुणू लागला,
आणि काही शतकांनी 'र' झाला.
फळ्यावर तीन ओळी. परीक्षेला हमखास.

मार्चमध्ये हार्को गेला.
पालिकेच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं,
त्या पत्त्यावर तुम्ही दोघं किती वर्षं?
"आम्ही वारन..."
चूक काहीच नव्हती व्याकरणात.
तो 'र' मात्र तोंडात फिरत राहिला,
खडीसाखरेसारखा नव्हे, खडीसारखा.

सायकलचं कुलूप काढताना तिच्या ध्यानात आलं,
इथून पुढं बहुतेक जुना 'स'च लागेल,
जागचा न हललेला.

त्या रात्री तिनं चिठ्ठीवरचा 'असणे' खोडला,
वर लिहिलं: एका रात्रीपुरतं.
मग तेही खोडलं. पेन्सिलीनं, पुसट.

एप्पोची गाय चार दिवस उशिरा व्याली.
हिशेब चुकला.
वासरू उभं राहिलं.