अर्धी काडी

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या छापखान्यात, मोजणी खात्यात.
एक नोट कमी भरली तरी फाटक उघडायचं नाही.
मग आम्ही बायका तिथेच बसायचो,
रिकामे डबे पुन्हा उघडून पाहत.
निवृत्त झाले, तेव्हा देवळालीच्या क्रोके क्लबाने
हॅन्डिकॅपची कार्डं माझ्या हवाली केली:
गायधनीबाई, तुमच्याकडून आकडा चुकायचा नाही.

चुकत नाही.
जिंकलं की दहा चढतात, हरलं की दहा उतरतात,
आकड्याने एखादी रेघ ओलांडली
की त्याच संध्याकाळी मी हॅन्डिकॅप बदलते,
हिरव्या शाईने. लाल बघून लोकांचा रक्तदाब वाढतो.

ज्याचा हॅन्डिकॅप मोठा, तो कच्चा.
दोघांतला फरक म्हणजे काड्या,
कच्च्याला तेवढ्या जादा खेळी.
एक खेळी घेतली की एक काडी उपटायची.
काड्या कचरू पाळदे आणतो,
ऑक्टोबर छाटणी झाली की ओझरच्या बागेतून,
द्राक्षाच्या, बोटाएवढ्या जाड,
पांढऱ्या रंगात बुडवून पेपरावर वाळत घालतो.

आकडा फुगवून ठेवणारेही असतात.
बेदाण्याचे डुंबरे स्पर्धेआधी ओळीने तीन सामने हरले,
लिलावात चांगला माल बघून नाक मुरडावं
तितक्या सफाईने.
मी त्यांचा हॅन्डिकॅप दोनने कापला.
अजून बोलत नाहीत.

पण फिरदौस कात्रक.
एके काळी उणे एक.
माझं कार्ड नवं होतं तेव्हा मला त्यांनी
अकरा काड्या दिल्या, आणि अकरा वापरूनही मी हरले.
त्यांच्या बाजूच्या गवतात काडी
मी कधी पाहिली नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर हात थरथरू लागला.
चेंडू कमानीच्या जबड्यात अडकायचा,
ते वाकून बघायचे, जणू कमान कुणी हलवलीय.
दहा गेले. दहा. पुन्हा दहा.
रेघ ओलांडली त्या संध्याकाळी
मी कार्ड खणात सरकवलं.
दोन दिवस.
एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट.
तिसऱ्या दिवशी तेच आले, टोपी हातात:
'बाई, माझा पत्ता लपवते काय? लिहून टाक नी.'

रविवारी समोर समिधा हांडोरे,
गंगापूर रोडवरची दातांची डॉक्टर, हॅन्डिकॅप दीड.
कात्रक, आता पाच.
कचरूने तीन उंच काड्या रोवल्या, एक आखूड.
कात्रकांनी त्यांच्याकडे पाहिलं,
आपल्या दाराशी अनोळखी चपला दिसाव्यात तसं.

तासभर हात लावला नाही.
मग एकापाठोपाठ तिन्ही उपटल्या, घाईघाईने, चुकीच्या वेळी.
काड्या द्यायच्या कशा, हे त्यांना
या मैदानात सगळ्यांहून जास्त ठाऊक.
घ्यायच्या कशा, त्याचा सराव नव्हता.

उरली आखूड. अर्धी.
अर्ध्या काडीचा नियम असा,
की खेळी मिळते, पण त्या खेळीत कमानीचा गुण नाही.
चेंडू हलवा, जागच्या जागी ठेवा,
मोजणीत काही येणार नाही.
सुनेच्या स्वयंपाकघरात मी हल्ली असते, तशी खेळी.

ती त्यांनी शेवटी घेतली.
निळा कडेने नेला हळूच, काळ्याच्या शेजारी,
समिधाच्या चेंडूंपासून लांब, सिल्व्हर ओकच्या सावलीत.
हात थरथरला नाही, असं मी म्हणणार नाही.
थरथरला, आणि चेंडू तरी तिथेच गेला.

समिधा दोन गुणांनी जिंकली.
मी दहा उतरवले.

कचरूला विचारलं, ओल्या मातीत ठेवली
तर फुटेल का रे काडी? वेलीचीच तर आहे.
'रंग दिल्यावर कुठं फुटती, बाई,' म्हणाला
आणि रबर लावता लावता थांबला.
एक कमी भरत होती. आखूड.
कात्रक गाडीशी उभे, एक हात कोटाच्या खिशात.

मी मोजणी बरोबर लिहिली
आणि फाटक उघडलं.