आठवी झडप

मानेवाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, कूलरच्या घरघरीत
मी अकरा महिने एक इंजिन बांधलं.
छोट्या लाइनीचं. डिझेल.
जे आता इतवारीच्या फलाटावर लागत नाही,
नागभीडकडे जात नाही.
फक्त माझ्या खेळात जातं,
उमरेडच्या वळणावर शिटी देतं
आणि पडद्याच्या काठावर संपतं.

रंग मीच दिला. तीन जुने फोटो,
त्यातले दोन उन्हाने उडालेले.
अंगभर निळा, खाली पिवळी पट्टी.
सोबत एक ओळ : रंग बदलू नये.

पहिल्याच आठवड्यात बदलला.
कुणी हिरवा केला, कुणी पक्षाचा झेंडा फासला,
एकाने छतावर मैत्रिणीचं नाव लिहिलं,
एकाने लाल करून दीडशे रुपयांना विकलं.
आणि रात्री दोनला फोन :
"भाऊ, तुमचं इंजिन पुरं काळं दिसून राहिलं ना."
माझं नाही बावा, तुझं.
तरी उठलो, पाहिलं.
शिव्या शेवटी माझ्याच नावाने पडतात.

नितीश वाकोडीकर माझा पार्टनर. म्हणाला, कुलूप लाव.
लोक इंजिन विकत घेतात, ब्रश नाही.
मी म्हणालो, घर विकल्यावर
भिंतीला कोणता चुना लावायचा, हे बिल्डर सांगतो का?
तो म्हणाला, फ्लॅट स्कीममध्ये सांगतो.
बाहेरून तर सांगतोच.
यावर मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

मग पाचपावलीहून एक आलं.
पाठवणारी तेजल हेडाऊ, रंगवणारे तिचे मामा,
पुंडलिक पराते, मोतीबाग वर्कशॉपात एकतीस वर्षं पेंटर.
उजवा हात थरथरतो,
म्हणून माऊस डाव्या हातात.

निळा माझ्यापेक्षा मळका.
पायरीपाशी घासलेला, बूट लागायचा तिथे.
आणि पिवळ्या पट्टीच्या जागी
करवती किनार.
लाल-काळे दात, ओळीने, दोन्ही अंगांना,
त्यांच्या घरच्या मागावर उतरायचे तसे.

असं इंजिन कुठल्याही लाइनीवर कधी धावलं नाही.
मी तसं कळवलं.
तेजलचं उत्तर आलं :
"मामा म्हणून राहिले, साहेबानं कधी इचारलंच नाही
कोणता कलर द्यायचा ते.
डबा यायचा, नंबर यायचा, बस."

दोन महिने मी तेच चालवलं.
एका दुपारी लाइट जाऊन आली,
खेळ पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत
सहज मोजल्या रेडिएटरच्या झडपा.
आठ.
मी सात बांधल्या होत्या.

फाईल उघडली. सातच.
जुना फोटो काढला, भिंग लावलं. आठ.
आठवी बांधलेली नव्हती,
रंगवलेली होती.
वरच्या कडेला उजेड, खाली सावली,
कोपऱ्यात गंजाचा एक ओघळ.
सपाट पत्र्यावर माझी चूक बुजवलेली, मला न सांगता,
जशी पोच आलेल्या डब्यात लांबी भरतात
आणि वरून हात फिरवून पाहतात.

आता आठवी खरी बांधली
तर मामांची आठवी नववी होते.
नाही बांधली, तर माझं इंजिन खोटं.
नितीश म्हणाला, म्हणूनच म्हणत होतो, कुलूप.

मी कुलूप काढलं.
कोरा पत्रा ठेवला, सगळे थर सुटे, नावांसकट :
छत, खिडकी, पायरी, झडपा.
खाली लिहिलं : विकू नका.
बिघडलं तर आधी मूळ रंग लावून पाहा,
मग फोन करा, रात्री दहाच्या आत.
पत्रा हलवायचा झाला
तर महिनाभर आधी सांगेन.

मग पाचपावलीला फोन लावला.
मामा, आठवी बांधू का?
पलीकडे टीव्ही, भांडी, बराच वेळ काही नाही.
"बांध ना," म्हणाले,
"पण मोजून घेजो.
एका इंजिनाले नऊ होत्या."