दीड इंच माया

अजनीला उतरला तेव्हा आधी ओळखली ती पँट.
माझीच शिलाई, मागच्या दसऱ्याची, कंबर बत्तीस.
पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढलेला,
तरी मागे कापडाच्या चुण्या.
बाप्पा, पोरगा वाळला की कुणी तासला?

त्याच्या मागून त्याचा बाप उतरला,
कसम परेडला मिळालेलं पदक अजून शर्टावर.
मी गेले नव्हते जबलपूरला.
शाळेच्या गणवेशाची ऑर्डर होती, दीडशे चड्ड्या,
आणि ॲडव्हान्स खर्च झालेला.
परेड मी मोबाईलवर पाहिली, मशीनवर टेकवून.
सगळी पोरं एका मापाची.
लोकेश कोणता, ते बोट लावूनही सापडेना.

सुट्टी अठ्ठावीस दिवसांची.
मशीनच्या झाकणावर मी खडूनं रेघा मारल्या.
दोन गाडीनं खाल्ल्या,
तीन उमरेडच्या आत्यानं,
एक बँकेच्या कुठल्याशा सहीनं,
आणि दोन तर तो नुसता झोपला,
हात अंगालगत, सरळ,
कुणी पट्टी ठेवून आखल्यासारखा.

पहाटे चारला कूलरमध्ये पाणी पडल्याचा आवाज.
उठून पाहते तर अंगण झाडलेलं,
चादरीची घडी अशी की कोपऱ्यानं बोट कापावं.
मी म्हटलं, "काऊन उठला रे इतक्यात?"
तर ताडकन उभा राहिला.
आईसमोर.
मग दोघंही हसलो, पण तो थोडा उशिरा हसला.

सावजी रस्सा केला त्याच्यासाठी, रविवारी.
दोन घासांत डोळ्यांत पाणी.
"सवय गेली, आई," म्हणाला,
आणि ताट मात्र सात मिनिटांत रिकामं.
मी घड्याळ पाहिलं, तेव्हा तोही पाहत होता.

पराते काकू चहाला आल्या,
"झाली ना बाबा ट्रेनिंग? आता पोस्टिंग कुठं?"
"ही तर नुसती उभं राहायची झाली, काकू.
कामाची आता सुरू होईल."
त्याला गाडी चालवायची होती, मोठी,
कामठीच्या रस्त्यावरून जातात तसली.
मिळाला वायरलेस. ऑपरेटर.
बोलताना त्याचं बोट कपावर टकटक करत होतं,
कधी लांब, कधी तोकडं.
"काय म्हणून राहिला?" मी विचारलं.
"काही नाही. अजून अक्षरं येत नाहीत सगळी."

शेवटच्या आठवड्यात पाचपावलीत लाइट जायची रोज.
मी अंधारात पायडल मारायची, तो टॉर्च धरायचा.
एकदा म्हणाला, पहिल्या महिन्यात
रात्री बराकीत पंखा वाजायचा,
तो मशीनसारखा वाटायचा.
एवढंच म्हणाला.
टॉर्च जराही हलला नाही.
मी सुई मोडली.

तीन रेघा उरल्या तेव्हा पँट हातात घेतली.
पुन्हा माप. अठ्ठावीस.
टेप त्याच्या कमरेभोवती फिरवताना
तो पोट आत घेईना की सोडेना,
माप देणं विसरला होता,
तिथं शिपायाला कपडा मिळतो, माप कोण विचारतं.
मी शिलाई आत घेतली दोन्ही बाजूंनी,
दीड-दीड इंच.
"काप ना ते जास्तीचं," तो म्हणाला,
"उगाच आत खुपेल."
"माया आहे ती. राहू दे.
जाड होशील, उसवून देईन."
"तिथं जाड होऊ देत नाहीत, आई."
मी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली.

स्टेशनवर बापानं पदक आणलं होतं, खिशात.
लावू की नको, लावू की नको करत राहिला.
लोकेशनं ट्रंक स्वतःच चढवली.
आमच्या पाया पडला तो झपकन, एका आकड्यावर,
दोन म्हणायच्या आत उभा.

गाडी हलली.
सगळे दारातले हात हलवत होते.
यानं नाही हलवला.
कमरेच्या आत अंगठा घालून
काही तरी नीट करत होता.